गाड्याबरोबर नळ्याची यात्रा : अमेरिकेच्या खर्चाच्या कायद्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ ऑक्टोबर २०२५ला अमेरिकेचं केंद्र सरकार ठप्प झालं आणि पुढचे ४३ दिवस तसंच राहिलं. त्या दिवसांत पुण्या-नाशकाहून येणाऱ्या फोनवर एकच प्रश्न असायचा : "तुमचं सरकार बंद पडलंय म्हणे, मग तुझ्या ग्रीन कार्डाचं काय?" उत्तर द्यायला बसलं की आधी रस्त्यांपासून सुरुवात करावी लागते, मग फौज येते आणि शेवटी व्हिसा. या तीन गोष्टी इथे पुष्कळदा एकाच भेंडोळ्यातून बाहेर पडतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

रकमा सगळ्या डॉलरमध्ये आहेत. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी आणि इथले लोक ज्याला ट्रिलियन म्हणतात ते आपले एक लाख कोटी.

अमेरिकेत अर्थसंकल्प कोण मांडतं? १ फेब्रुवारीसारखं भाषण असतं का?

नसतं. वर्षाच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, एक जाडजूड प्रस्ताव पाठवतात, पण ती मागण्यांची यादी असते. तिला कायद्याचं बळ नाही आणि काँग्रेस ती बाजूला ठेवून आपल्या मनाप्रमाणे लिहू शकते. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे आहे. कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असं राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे.

भारताच्या राज्यघटनेतही २६६व्या अनुच्छेदात जवळपास हेच आहे. फरक पडतो तो पुढे. आपल्याकडे लोकसभेत खर्चाचं विधेयक पडलं तर सरकारच जातं, म्हणून ते पडू दिलं जात नाही. पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाते. इथे राष्ट्राध्यक्ष चार वर्षं हलत नाहीत, प्रतिनिधीगृह एका पक्षाचं आणि सिनेट दुसऱ्याचं असू शकतं आणि स्वपक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाची जागा जात नाही. म्हणजे खर्चाचं विधेयक अडलं तरी कुणाची खुर्ची जात नाही. अडवणाऱ्याला एवढी मोकळीक असेल तर तो अडवणारच.

बातमीत म्हणतात विधेयक मंजूर झालं, आणि पुढच्याच ओळीत पैसे मिळाले नाहीत. हे कसं?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावायला वेळ लागत नाही. एखाद्या पुलाला प्रशासकीय मान्यता मिळते, नारळ फुटतो, फलक लागतो आणि मग निधीच्या प्रतीक्षेत दोन पावसाळे जातात. इथेही तशाच दोन पायऱ्या आहेत. पहिलीला 'ऑथरायझेशन' म्हणतात : योजना अस्तित्वात आली, खर्चाची मर्यादा ठरली. दुसरी 'अप्रोप्रिएशन' : आता प्रत्यक्ष पैसा उचलता येईल. अमेरिकी वर्तमानपत्रंही दोन्हींची गल्लत करतात, तेव्हा आपल्याकडे येणाऱ्या फॉरवर्डना दोष काय द्यायचा!

मग दरवर्षी किती विधेयकं मंजूर करावी लागतात?

खात्यांच्या वार्षिक खर्चाची १२. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. खर्चाची सगळी विधेयकं वेळेत होण्याचा प्रसंग शेवटचा आला तो १९९६ साली. ती मुदत चुकणं ही आता रीतच झाली आहे.

मुदत चुकली की 'कंटिन्युइंग रेझोल्यूशन' काढतात : जुन्याच दराने आणखी काही आठवडे खर्च चालू द्या. आपलं लेखानुदान ओळखीचं असेल तर हे त्याचं चुलत भावंड समजा. त्यानंतर डिसेंबरात किंवा मार्चमध्ये उरलेली सगळी विधेयकं एकत्र बांधून हजारभर पानांचा एक गठ्ठा मध्यरात्री मंजूर होतो. त्याला 'ऑम्निबस' म्हणतात. युद्ध किंवा वादळासाठी मधेच पैसे लागले तर 'सप्लिमेंटल', म्हणजे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ही १२ विधेयकं एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच असतात. २०२४च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारने सुमारे पावणेसात लाख कोटी खर्च केले, त्यातले या मार्गाने गेले साधारण १.८ लाख कोटी. निवृत्तिवेतन, वृद्धांचा औषधोपचार आणि कर्जावरचं व्याज हे दरवर्षी मत न घेता आपोआप जातं. भांडण सगळं उरलेल्या चतकोरावर.

पैसे संपले तर सरकार खरंच बंद पडतं? भारतात तर कधी ऐकलं नाही.

भारतात तशी वेळच येत नाही, कारण वर सांगितलं तेच. अमेरिकेतही १९८०पर्यंत मुदत चुकली तरी खाती हळूहळू काटकसर करत चालूच राहायची. मग तेव्हाचे महाधिवक्ता सिव्हिलेटी यांनी एकोणिसाव्या शतकातल्या एका कायद्यावर बोट ठेवलं : मंजूर नसलेला पैसा खर्च करण्याचं वचन देणं हा गुन्हा आहे, तेव्हा जीवित-मालमत्तेच्या रक्षणापुरतं काम सोडून बाकी सगळं थांबवा. तेव्हापासून ही 'शटडाउन'ची परंपरा.

२०१८-१९मध्ये ३५ दिवस बंद होतं, मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी. ट्रम्प यांना ५.७ अब्ज हवे होते, काँग्रेसने शेवटी १.३७५ अब्ज दिले. त्यावर त्यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून लष्करी बांधकामांचे पैसे भिंतीकडे वळवायला घेतले. २०२५चा बंद भिंतीवरून नव्हता, आरोग्य विम्याच्या अनुदानावरून होता, आणि १२ नोव्हेंबरला संपेपर्यंत तो सर्वांत लांब ठरला होता. हवाई वाहतूक नियंत्रक बिनपगारी काम करत होते. त्यांची संख्या अपुरी पडू लागली तेव्हा न्यूअर्कसह ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. दिवाळीनंतर भारतातून परतणाऱ्यांनी ते भोगलं.

बंदातल्या कर्मचाऱ्यांना मागाहून पगार मिळतो, तसा २०१९चा कायदा आहे. घराचा हप्ता मात्र मागाहून भरता येत नाही.

आणि सैनिकांचं काय? ते बंदात उपाशी राहतात का?

याचं उत्तर मजेशीर आहे. १८६१चा एक कायदा अजून जिवंत आहे, त्याचं नाव मराठीत 'दाणावैरण कायदा' असंच करावं लागेल. घोडदळाच्या काळातला. मंजुरी नसली तरी फौजेला अन्न, इंधन, कपडे, औषधं उधारीवर घेता येतील, अशी त्यात सोय आहे. पगाराची सोय मात्र त्यात नाही. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पगारासाठी संशोधनाच्या खात्यातला पैसा वळवला गेला. शिवाय एका धनिकाने सैनिकांच्या पगारासाठी १३ कोटी डॉलरची देणगी दिली, ती भागिले तेरा लाख सैनिक केली तर माणशी शंभर डॉलर होतात. जगातली सर्वांत महागडी फौज वर्गणीवर चालल्याचं दृश्य बघायला मिळालं, एवढंच.

बंदात व्हिसा आणि ग्रीन कार्डची कामं थांबतात का?

ज्या खात्याकडे अर्ज जातात ते यूएससीआयएस मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालतं. आपण भरलेल्या पैशावर त्यांचे दिवे पेटतात, म्हणून काँग्रेसने पैसे दिले नाहीत तरी त्यांची कचेरी उघडी असते. मुंबईच्या वकिलातीतल्या व्हिसाच्या मुलाखतीही त्याच कारणाने साधारणपणे चालू राहतात.

गोम आहे ती श्रम खात्यात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा नवा अर्ज असो किंवा कंपनी बदलायची असो, आधी श्रम खात्याकडून 'एलसीए' नावाचा कागद लागतो. ग्रीन कार्डच्या पहिल्या पायरीला 'पर्म' नावाचं त्याच खात्याचं प्रमाणपत्र लागतं. हे काम फीवर चालत नाही, वार्षिक मंजुरीवर चालतं. १ ऑक्टोबर २०२५ला त्यांचं संकेतस्थळच बंद झालं आणि महिनाअखेरीला परत सुरू झालं. ज्यांची नोकरी सप्टेंबरात गेली होती त्यांच्यासाठी तो महिना फार वाईट होता. नोकरी गेल्यावर नवा मालक शोधायला साठ दिवस मिळतात. मालक मिळाला, पत्र हातात आलं, पण कागदच दाखल करता येईना आणि साठाचा आकडा रोज खाली येत राहिला. बंदामुळे उशीर झालेल्या अर्जांकडे अपवाद म्हणून बघू, असं यूएससीआयएसने पुढे जाहीर केलं. 'अपवाद म्हणून बघू' हे मान्य करण्याचं आश्वासन नव्हे, हे ज्याचा अर्ज आहे त्याला बरोबर कळतं.

संरक्षणाचा वार्षिक कायदा म्हणजे काय?

त्याला 'एनडीएए' म्हणतात. १९६१पासून एकही वर्ष चुकलेलं नाही, म्हणूनच तो महत्त्वाचा. ज्या संसदेत दुसरं काही वेळेवर होत नाही, तिथे दरवर्षी हमखास सुटणारी ही एकच गाडी. तिच्यात आपला डबा जोडायला सगळे धावतात.

रक्कम २०२४च्या वर्षासाठी ८८६ अब्ज होती, पुढच्या वर्षासाठी ८९५, आणि २०२५च्या डिसेंबरात सही झालेल्या कायद्यात ९०० अब्जांच्या जरा वर. तुलनेसाठी, भारताची २०२५-२६ची संरक्षण तरतूद ६.८१ लाख कोटी रुपये होती, म्हणजे डॉलरमध्ये ८० अब्जांच्या आसपास. हा कायदा पहिल्या पायरीचा आहे, मान्यतेचा. पैसा वेगळ्या विधेयकातून येतो.

भारताला अमेरिकेचा 'प्रमुख संरक्षण भागीदार' हा दर्जा कायद्यात मिळाला तो २०१६च्या डिसेंबरातल्या अशाच एनडीएएमधून. रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्याबद्दल भारतावर निर्बंध नकोत, अशी दुरुस्ती २०२२ साली भारतीय वंशाचे प्रतिनिधी रो खन्ना यांनी याच विधेयकात प्रतिनिधीगृहात मंजूर करून घेतली. आपल्या वाहिन्यांनी त्या रात्री 'अमेरिकेची भारताला सूट' अशा पट्ट्या चालवल्या. सिनेटबरोबरच्या वाटाघाटीत ती दुरुस्ती गळून पडली, त्याची पट्टी कुणी चालवली नाही.

राष्ट्राध्यक्षांनाही ही गाडी अडवता येत नाही. २०२०च्या डिसेंबरात ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. १ जानेवारी २०२१ला सिनेटने ८१ विरुद्ध १३ मतांनी तो फेटाळून लावला.

पायाभूत सुविधांचा मोठा कायदा म्हणतात तो कोणता?

१५ नोव्हेंबर २०२१ला बायडन यांनी सही केलेला. एकूण १.२ लाख कोटी, पण त्यातले नवे पैसे ५५० अब्ज. बाकी नेहमीचा रस्तेखर्च त्यात मोजलेला आहे. आकडे मोठे दिसावेत म्हणून जुने-नवे एकत्र धरण्याची कला कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाही. सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ३०, म्हणजे विरोधी पक्षातल्या १९ जणांनीही होकार दिला. रस्ते आणि पुलांना ११० अब्ज, रेल्वेला ६६, पाण्याला ५५ आणि त्यातच शिशाच्या जुन्या नळांसाठी १५.

गरज किती होती याचा पुरावा सही होऊन अडीच महिन्यांत मिळाला. २८ जानेवारी २०२२ला बायडन पिट्सबर्गला याच कायद्याबद्दल बोलायला जाणार होते. त्या पहाटे शहरातला फर्न हॉलो पूल एका बससह दरीत कोसळला. जीवितहानी झाली नाही हे नशीब. तो पूल याच कायद्याच्या सुमारे अडीच कोटी डॉलरवर वर्षाच्या आत पुन्हा उभा राहिला. पुलाच्या बाबतीत वर्षाच्या आत हे शब्द ऐकून सावित्री नदीवरचा महाडचा पूल आठवला. २०१६च्या ऑगस्टमध्ये वाहून गेलेला, २०१७च्या जूनमध्ये नवा बांधून झालेला. पडल्यावर बांधायला दोन्हीकडे वर्ष पुरत नाही असं नाही. पडायच्या आधी बांधायलाच पैसे मिळत नाहीत.

सगळंच असं झालं नाही. खेड्यापाड्यांत इंटरनेट नेण्यासाठी ४२ अब्जांहून अधिक रकमेची एक योजना या कायद्यात होती. तिच्या आद्याक्षरांचा उच्चार होतो 'बीड'. योगायोग म्हणा. सही होऊन तीन वर्षं झाली तरी त्या योजनेतून एकाही घरात जोडणी पोचली नव्हती. नकाशे, हरकती, राज्यांचे आराखडे यांतच सगळा वेळ गेला.

रस्त्यांचे पैसे पेट्रोलवरच्या करातून येतात ना?

येतात, पण पुरत नाहीत. केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १९९३पासून तो बदललेला नाही. २००८पासून तूट सर्वसाधारण तिजोरीतून भरतात. २०२१च्या कायद्याची मुदतही पाचच वर्षांची, ३० सप्टेंबर २०२६पर्यंत.

काँग्रेसने दिलेले पैसे राष्ट्राध्यक्ष रोखू शकतात का?

१९७४चा कायदा सांगतो की परस्पर रोखता येणार नाहीत. नको असतील तर काँग्रेसकडे परत येऊन रद्द करून घ्या. निक्सन यांनी पैसे अडवायला सुरुवात केली होती, त्यावरचा तो उतारा होता. व्यवहारात काय होतं ते न्यू जर्सीत राहणाऱ्यांना विचारा. एडिसन, प्रिन्स्टनकडून रोज न्यूयॉर्कला जाणारे अनेक मराठी लोक हडसन नदीखालच्या ज्या रेल्वे बोगद्यातून जातात तो १९१०चा आहे. २०१२च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं, ते क्षार अजून तारा आणि काँक्रीट खात आहेत. नव्या बोगद्याची पहिली योजना २०१०मध्ये न्यू जर्सीच्या राज्यपालांनी रद्द केली होती. दुसरीला २०२१च्या कायद्याने बळ मिळालं, खोदाई सुरू झाली. मग २०२५च्या बंदाच्या पहिल्याच दिवशी तो बोगदा आणि न्यूयॉर्कचा एक भुयारी रेल्वेमार्ग मिळून सुमारे १८ अब्जांचे पैसे रोखत असल्याची घोषणा झाली. मंजूर झालेला पैसा आणि हातात पडलेला पैसा यांत किती अंतर असतं ते त्या फलाटावर उभं राहिलं की कळतं.

खर्चाच्या कायद्याचा आणि आमच्या व्हिसाचा संबंध काय?

बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असतो. गाडी पंढरपूरला निघाली की नळ्यालाही यात्रा घडते. अमेरिकेत स्थलांतराचा मोठा, स्वतंत्र कायदा १९९०नंतर झालेला नाही असं म्हटलं तरी फारसं चुकत नाही. मग नियम बदलले कसे? नळ्यासारखे, खर्चाच्या गाडीखाली टांगून. या लेखात एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

१९९८चा ऑक्टोबर. वायटूकेची, म्हणजे २००० साल उजाडताना संगणक गोंधळतील या भीतीची, धावपळ चालू होती, पुण्या-मुंबईतले कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणारे तरुण विमानात बसत होते. एच-वन-बीची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजार केली ती एका ऑम्निबस खर्च कायद्यात घालून. २००४च्या डिसेंबरात अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे २० हजार व्हिसा आले, तेही ऑम्निबसमधूनच. आज इथे एमएस करणारी प्रत्येक मुलगी आणि मुलगा ज्या 'मास्टर्स कोट्या'वर आशा लावून बसतो, तो दूतावास, शेती, तुरुंग यांच्या खर्चाच्या पानांमध्ये दडलेला होता.

मे २००५चा तर नमुनाच घ्या. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धासाठी आणि त्सुनामीग्रस्तांसाठी पैसे देणारा पुरवणी कायदा. त्याला कोण नाही म्हणेल? सिनेटमध्ये १०० विरुद्ध शून्य. त्याच्या पोटात 'रिअल आयडी' होता. २०२५च्या मे महिन्यापासून देशांतर्गत विमानाला जे ताऱ्याचं ओळखपत्र मागतात ते तिथून आलं. परिचारिका आणि फिजिओथेरपिस्टांसाठी ५० हजार न वापरलेले ग्रीन कार्ड परत मिळाले तेही तिथूनच, आणि ऑस्ट्रेलियन लोकांसाठी एक नवा व्हिसाही.

ऑगस्ट २०१०मध्ये सीमेवरच्या सुरक्षेसाठी ६० कोटी डॉलर हवे होते. पैसा आणायचा कुठून? ज्या कंपन्यांचे निम्म्याहून जास्त कर्मचारी एच-वन-बी किंवा एल-वनवर (कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर) आहेत त्यांच्यावर एच-वन-बीमागे दोन हजारांची आणि एल-वनमागे सव्वादोन हजारांची जादा फी बसली. नाव कुणाचं घेतलं नाही, पण वर्णन भारतीय आयटी कंपन्यांनाच लागू पडत होतं. मेक्सिकोच्या सीमेवरचा पहारा हिंजवडीच्या वहीत खर्ची पडला. २०१५च्या ऑम्निबसने ती फी दुप्पट केली, एच-वन-बीला चार हजार.

असं का करतात? स्वतंत्र विधेयकाला सिनेटमध्ये साठ मतं लागतात आणि स्थलांतरावर साठ मतं जमत नाहीत. मुदत गळ्याशी आलेल्या खर्चाच्या विधेयकाला मात्र नाही म्हणण्याची हिंमत थोड्यांनाच होते.

२०२४मध्ये एच-फोर (एच-वन-बीधारकांच्या कुटुंबाचा व्हिसा) आणि मुलांबद्दल काही होणार होतं, त्याचं काय झालं?

झालं नाही. युक्रेनला शस्त्रं हवी होती, त्या बदल्यात सीमेचा कायदा कडक करा, असा सौदा लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा या तीन सिनेटरांनी महिनोन्‌महिने बसून जमवला. ११८ अब्जांचं विधेयक. त्यात पाच वर्षांत अडीच लाख जादा व्हिसा होते, एच-वन-बीधारकांच्या जोडीदारांना कामाची मुभा होती आणि एकविसाव्या वाढदिवसाला आईबापांच्या अर्जातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या मुलांना संरक्षण होतं. ज्यांच्या घरात असं मूल वाढत होतं त्यांनी ती तीनशे सत्तर पानं रात्रीत वाचली. ७ फेब्रुवारी २०२४ला ते सिनेटमध्ये अडलं. एप्रिलमध्ये युक्रेन, इस्रायल आणि तैवानचे ९५ अब्ज वेगळे मंजूर झाले. त्यात सीमा नव्हती, ती मुलंही नव्हती. नळा मात्र होताच : टिकटॉक विका नाहीतर बंद करा, हा कायदा त्या गाडीखाली टांगून गेला.

४ जुलै २०२५चा 'बिग ब्युटिफुल' कायदा या १२ विधेयकांतला का?

नाही. ट्रम्प यांचा करकपातीचा आणि खर्चाचा हा मोठा कायदा 'रिकन्सिलिएशन' नावाच्या वेगळ्या वाटेने आला. १९७४च्या कायद्यातली ही पळवाट म्हणा किंवा राजमार्ग म्हणा. या वाटेने साठ मतं लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० झालं आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मताने पार पडलं. प्रतिनिधीगृहात २१८ विरुद्ध २१४. विरोधकांनी सिनेटच्या कारकुनांना सगळी ९४० पानं मोठ्याने वाचायला लावली, त्यात सोळा तास गेले. अखंड हरिनाम सप्ताहाची आठवण व्हावी असं पारायण, श्रोते मात्र नव्हते. विरोधी नेते शूमर यांनी नियमावर बोट ठेवून त्याचं ते नावही गाळायला लावलं.

या वाटेवरची मुख्य अट : प्रत्येक कलमाचा संबंध पैशाशी असला पाहिजे. नुसता धोरणबदल चालत नाही. २०२१मध्ये डेमोक्रॅट पक्षाने याच वाटेने स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा सिनेटच्या नियम-अधिकारी एलिझाबेथ मॅक्डोनो यांनी तीनदा नकार दिला. २०२५मध्ये अटकेसाठी आणि भिंतीसाठी पैसे द्यायचे होते, आणि पैसे देणं नियमात बसतं. थोडक्यात, या वाटेने कुणाला आत घेता येत नाही, बाहेर काढायला मात्र पैसे देता येतात. हे मला तरी विचित्र वाटतं.

त्यात कुणाला किती मिळालं?

संरक्षणाला सुमारे १५० अब्ज; त्यात जहाजबांधणी आणि क्षेपणास्त्रांपासून बचावाचा 'गोल्डन डोम' हे मोठे धनी. स्थलांतर आणि सीमेसाठी साधारण १७० अब्ज : भिंतीला ४६.५, कोठड्यांना ४५, आणि बेकायदा स्थलांतरितांना पकडणाऱ्या 'आइस' या खात्याच्या धरपकडीसाठी ३० अब्जांच्या आसपास. या खात्याचं आधीचं वार्षिक बजेट दहाएक अब्जांचं होतं. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या जुनाट यंत्रणेला साडेबारा अब्ज.

रकमेपेक्षा मुदत पाहा. हा पैसा २०२९च्या सप्टेंबरपर्यंत वापरता येतो. वार्षिक विधेयक अडवून त्या खात्याला लगाम घालण्याचा काँग्रेसचा नेहमीचा उपाय त्यामुळे बराच बोथट झाला.

घरी पैसे पाठवण्यावर कर लागला म्हणतात. किती?

एक टक्का, १ जानेवारी २०२६पासून. पण तो रोख रक्कम, मनी ऑर्डर, कॅशियर्स चेक अशा मार्गाने पाठवलेल्या पैशावर. बँक खात्यातून किंवा अमेरिकेत दिलेल्या कार्डावरून पाठवलेल्या रकमेवर नाही. आपल्यातले बहुतेक जण ॲपमधून बँक ते बँक पाठवतात, त्यांना तो लागत नाही.

घबराट झाली ती आधीच्या मसुद्यांमुळे. पहिल्यात ५ टक्के होते, प्रतिनिधीगृहाने मंजूर केले तेव्हा साडेतीन, आणि तेही फक्त नागरिक नसलेल्यांवर. शेवटी दर उतरला आणि नागरिकही त्यात आले. हा विषय महाराष्ट्राला जवळचा आहे : रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशात सर्वाधिक वाटा महाराष्ट्राचा होता, २०.५ टक्के, केरळपेक्षाही जरा जास्त. आणि देश म्हणून सर्वाधिक पैसा आला अमेरिकेतून.

एच-वन-बीची एक लाख डॉलरची फी याच कायद्यातली का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. ती १९ सप्टेंबर २०२५च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेतून आली. काँग्रेसने त्यावर मत दिलेलं नाही. त्या शनिवार-रविवारी मुंबईच्या विमानतळावर जी धावाधाव झाली ती एका कागदामुळे, जो नंतर 'फक्त नव्या अर्जांना, नूतनीकरणाला नाही' असा उलगडून सांगावा लागला. मात्र पर्यटक, विद्यार्थी, नोकरदार अशा व्हिसांवरची अडीचशे डॉलरची 'व्हिसा इंटिग्रिटी फी' ही जुलैच्या कायद्यातलीच आहे. आईवडील बाळंतपणासाठी येणार असतील तर मुलाखतीआधी वकिलातीच्या पानावर त्या दिवशीची फी तपासा.

आम्ही नागरिक नाही, मत नाही. आमचं कोण ऐकणार?

तुमच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी ऐकतो, निदान त्याचं कार्यालय तरी. अर्ज अडकला असेल तर संमतीचा फॉर्म भरून दिल्यावर ते खात्याकडे विचारणा करतात, नागरिकत्व विचारत नाहीत. निवडणुकीची देणगी मात्र व्हिसावर असताना देऊ नका, तो गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकांना चालते. डेट्रॉइट परिसरात राहत असाल तर बोलणं मराठीतूनही होऊ शकेल : बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३पासून मिशिगनचे प्रतिनिधी आहेत.

फॉरवर्ड आलेलं विधेयक खरंच कायदा झालंय का, कसं ओळखायचं?

'एचआर' किंवा 'एस' आणि पुढे आकडा असेल तर ते अजून विधेयक आहे. अशी हजारो दर दोन वर्षांत मांडली जातात आणि बहुतेक समितीतच राहतात. दर देशाला ग्रीन कार्डांत ७ टक्क्यांची मर्यादा काढून टाकणारं विधेयक दर काही वर्षांनी येतं, पेढे वाटले जातात, मग अधिवेशन संपतं. 'पब्लिक लॉ' आणि त्यापुढे क्रमांक दिसला तरच तो कायदा : २०२१चा पायाभूत सुविधांचा ११७-५८, २०२५च्या जुलैचा ११९-२१. पहिला आकडा काँग्रेसचा, दुसरा त्या काँग्रेसमधल्या कायद्याचा. आणि व्हिसाची बातमी शोधताना फक्त स्थलांतराची विधेयकं चाळू नका. डिसेंबरात संरक्षणाचा कायदा आणि ऑम्निबस आले की त्यांची शेवटची शंभर-दोनशे पानं आधी उघडा, नळा बहुधा तिथेच टांगलेला असतो.